वर्षअखेरीस लॉगमधलं वर्ष का चुकतं? आठवडा क्रमांकाचे सापळे आणि ते काढायची रीत

एका सर्व्हरच्या लॉगमधल्या, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदवहीतल्या, या दोन ओळी बघा.

२०२४-१२-२८ २३:५९:५८ विनंती पूर्ण
२०२५-१२-२९ ००:००:०१ विनंती पूर्ण

प्रत्यक्षात मध्ये तीन सेकंद गेले आहेत. लॉग वाचणाऱ्याला मात्र वर्षभराचं अंतर दिसतं. महिना बरोबर, दिवस बरोबर, वेळही बरोबर, फक्त वर्ष एकाने पुढे. सर्व्हरचं घड्याळ तपासलं तर ते ठीक असतं. टाइम झोन तपासला तर तोही ठीक. मग जानेवारी उजाडतो, लॉग आपोआप सुधारतो, आणि सगळे कामाला लागतात. पुढच्या डिसेंबरपर्यंत कोणाला आठवण राहत नाही.

ही चूक फॉरमॅटमधल्या, म्हणजे तारीख कशी छापायची ते सांगणाऱ्या अक्षरांच्या नमुन्यातल्या, एका अक्षराची आहे. कॅलेंडरचं वर्ष छापायच्या जागी 'आठवड्याचं वर्ष' छापलं गेलं. या दोन वर्षांतला फरक नीट समजला की लॉगमधल्या बहुतेक साप्ताहिक गोंधळांचं मूळ सापडतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

एक खुलासा आधी. फॉरमॅटमधली अक्षरं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. तेच अक्षर कॅपिटल असलं की एक अर्थ आणि स्मॉल असलं की दुसरा, म्हणून गरज असेल तिथे कॅपिटल की स्मॉल ते आवर्जून सांगितलं आहे. कोडमध्ये शोधताना तेवढा फरक सांभाळा.

आठवडा नेमका कोणत्या वर्षाचा?

वर्षात ३६५ किंवा ३६६ दिवस असतात आणि दोन्ही संख्यांना सातने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे वर्ष बहुतेक वेळा आठवड्याच्या मध्येच संपतं. त्या अर्ध्या-अर्ध्या आठवड्याचं काय करायचं, याची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी ठरली.

तारीख-वेळ लिहिण्याचं आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक पहिल्यांदा १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातला नियम असा: आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो आठवडा क्रमांक १. हेच वेगळ्या शब्दांत सांगायचं तर ज्या आठवड्यात ४ जानेवारी येते तो पहिला. आठवडा तुटत नाही, तो अख्खा एकाच वर्षाच्या खात्यात जातो. ज्या वर्षात त्याचे चार किंवा जास्त दिवस पडतात, ते त्याचं वर्ष. म्हणून डिसेंबरचे शेवटचे तीन दिवसपर्यंत पुढच्या वर्षात जाऊ शकतात, किंवा जानेवारीचे पहिले तीन दिवसपर्यंत मागच्या वर्षात राहू शकतात.

अमेरिकी लोकेलचा, म्हणजे देश-भाषेप्रमाणे ठरणाऱ्या सेटिंगचा, नियम वेगळा आहे. आठवडा रविवारी सुरू होतो आणि १ जानेवारी ज्या आठवड्यात येईल तोच पहिला, मग त्यात नव्या वर्षाचा एकच दिवस का असेना. या नियमात जानेवारीचे दिवस कधीच मागे जात नाहीत, पण डिसेंबरचे सहा दिवसपर्यंत पुढच्या वर्षात ढकलले जातात.

सी भाषेच्या, तारीख छापणाऱ्या एसटीआरएफटाइम फंक्शनमध्ये आणखी दोन पद्धती आहेत. कॅपिटल %यू म्हणजे वर्षाच्या पहिल्या रविवारपासून आठवडा १, आणि कॅपिटल %डब्ल्यू म्हणजे पहिल्या सोमवारपासून आठवडा १. त्याआधीचे सगळे दिवस आठवडा शून्यात. पोस्टग्रेस आणि ओरॅकल या डेटाबेसमधल्या 'डब्ल्यूडब्ल्यू'चा हिशेब सगळ्यात सरळ: १ ते ७ जानेवारी हा पहिला आठवडा, मग वार कोणताही असो.

आता १ जानेवारी २०२७ ही एकच तारीख घ्या. त्या दिवशी शुक्रवार आहे. आयएसओप्रमाणे हा दिवस २०२६ च्या ५३ व्या आठवड्यात येतो. अमेरिकी नियमाने २०२७ चा आठवडा १. कॅपिटल %यू आणि कॅपिटल %डब्ल्यू दोघंही शून्य सांगतात. 'डब्ल्यूडब्ल्यू' सांगतो १. यातलं एकही उत्तर चुकीचं नाही. चूक होते ती एका पद्धतीचा आठवडा दुसऱ्या पद्धतीच्या वर्षाला किंवा आठवड्याला जोडल्यावर.

फरक फक्त वर्षअखेरीपुरता आहे असंही समजू नका. १६ जून २०२७, बुधवार: आयएसओ म्हणतं आठवडा २४, अमेरिकी नियम म्हणतो २५. त्या वर्षात हे दोन हिशेब वर्षभर जुळत नाहीत. उलट २०२५ मध्ये सोमवार ते शनिवार दोन्ही जुळतात, फक्त रविवारी फारकत होते. एका वर्षी अहवाल तपासून 'आकडे जुळले' म्हणणारा माणूस दोन वर्षांनी त्याच अहवालाने फसतो, तो यामुळे.

पायरी १: कोडमधलं वर्षाचं अक्षर शोधा

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक इथली आहे, म्हणून इथे घाई करू नका.

जावामध्ये स्मॉल वाय म्हणजे कॅलेंडरचं वर्ष आणि कॅपिटल वाय म्हणजे आठवड्याचं वर्ष. सिंपलडेटफॉरमॅटमध्ये कॅपिटल वाय जावा ७ पासून आला. युनिकोडच्या तारीख-नमुन्यांचाही हाच नियम आहे, त्यामुळे ॲपलच्या डेटफॉरमॅटरमध्येही हीच गत होते. सुरुवातीच्या दोन ओळी अशाच तयार होतात: नमुन्यात चार कॅपिटल वाय, मग महिना, मग दिवस, आणि लोकेल अमेरिकी. २९ डिसेंबर २०२४ ला रविवार होता, २०२५ चा पहिला आठवडा त्या दिवशी सुरू झाला, आणि वर्ष उडी मारून पुढे गेलं.

लोक ही चूक का करतात तेही समजून घ्यायला हवं, कारण हा निष्काळजीपणा नसतो. एसटीआरएफटाइममध्ये कॅलेंडरच्या चार अंकी वर्षासाठी कॅपिटल वायच लागतो. पीएचपीमध्ये तसंच. जावास्क्रिप्टच्या मोमेंट लायब्ररीत चार कॅपिटल वाय म्हणजे साधं वर्ष. पोस्टग्रेसमध्येही. जावामधल्याच जुन्या जोडा-टाइम लायब्ररीत कॅपिटल वाय निर्धोक होता आणि आठवड्याच्या वर्षासाठी तिथे स्मॉल एक्स होता. पाच ठिकाणी बरोबर चालणारी सवय सहाव्या ठिकाणी घात करते, आणि तोही वर्षातले ३६० दिवस लपून राहून.

जोडा-टाइमचा मुद्दा लॉगवाल्यांसाठी खास महत्त्वाचा आहे. लॉग साठवून त्यात शोधायला वापरतात त्या इलॅस्टिकसर्चने आवृत्ती ७ मध्ये जोडा-टाइम सोडून जावाची नवी टाइम लायब्ररी घेतली. जुन्या मॅपिंगमध्ये (कोणत्या फील्डमध्ये कसा डेटा येतो ते सांगणारी मांडणी) कॅपिटल वाय लिहिलेला असेल, तर तोपर्यंत बरोबर असलेल्या त्याच नमुन्याचा अर्थ अपग्रेडनंतर बदलला. नमुन्याला कोणी हात न लावताही चूक जन्माला येते, ती अशी. तुमच्याकडे त्या काळातले इंडेक्स टेम्प्लेट अजून चालू असतील, तर ते आजच उघडून बघा. कॅपिटल वाय दिसला की त्याच्या जागी स्मॉल वाय किंवा स्मॉल यू घाला.

एसटीआरएफटाइमच्या घराण्यात, म्हणजे सी, पायथन, रुबी, शेलचा डेट हुकूम यांत, धोक्याचं अक्षर वेगळं आहे. तिथे कॅपिटल %जी म्हणजे आयएसओ आठवड्याचं वर्ष. कॅपिटल %वायच्या जागी ते पडलं की तोच प्रकार होतो. डिसेंबर २०१४ च्या अखेरीस ट्विटरचे सर्व्हर प्रतिसादाच्या हेडरमध्ये २९ डिसेंबर २०१५ ही तारीख देऊ लागले आणि अनेक ॲंड्रॉइड वापरकर्ते आपोआप लॉगआउट झाले. २९ डिसेंबर २०१४ हा सोमवार होता, आणि आयएसओ हिशेबाने २०१५ चा पहिला आठवडा नेमका त्याच दिवशी सुरू झाला होता.

मोमेंटमध्ये चार कॅपिटल जी आयएसओचं वर्ष देतात, चार स्मॉल जी लोकेलप्रमाणे आठवड्याचं वर्ष देतात. पीएचपीमध्ये आयएसओ वर्षासाठी स्मॉल ओ आहे. डॉटनेटमध्ये वर्षासाठी स्मॉल वाय. कॅपिटल वायला तिथे अर्थच नाही, तो जसाच्या तसा छापला जातो, त्यामुळे चूक पहिल्याच दिवशी दिसते. डेट-एफएनएस लायब्ररीने आवृत्ती २ पासून आणखी चांगला मार्ग काढला: चार कॅपिटल वाय वापरायचे तर वेगळा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो, नाहीतर ती एरर देते. सगळ्याच लायब्रऱ्यांनी असं करायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

शोधताना अक्षराचं केस सांभाळून शोधा आणि फक्त कोडवर थांबू नका. लॉगिंगच्या कॉन्फिगरेशन फाइल, इंडेक्स टेम्प्लेट, डॅशबोर्डच्या क्वेरी, बॅकअपच्या शेल स्क्रिप्ट, आणि एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येणारे नमुने, हे सगळं तपासा. जावासाठी एरर प्रोन या कोडमधल्या चुका शोधणाऱ्या साधनामध्ये 'मिसयूज्ड वीक इयर' नावाची तपासणी आहे आणि सोनारक्यूबमध्येही अशा नमुन्यासाठी नियम आहे. त्या चालू करा, म्हणजे पुढच्या वेळी माणसाच्या नजरेवर विसंबावं लागणार नाही.

शोधता शोधता दिवसाचं अक्षरही बघून घ्या. जावामध्ये स्मॉल डी म्हणजे महिन्याचा दिवस आणि कॅपिटल डी म्हणजे वर्षाचा कितवा दिवस. दोन कॅपिटल डी लिहिले तर जानेवारीभर सगळं बरोबर दिसतं आणि १ फेब्रुवारीला दिवसाच्या जागी ३२ येतो. मोमेंटमध्ये मात्र महिन्याच्या दिवसासाठी कॅपिटल डीच हवा. एकाच नमुन्यात कॅपिटल वाय आणि कॅपिटल डी दिसले, तर तो बहुधा जावास्क्रिप्टमधून जावात उचलून आणलेला नमुना असतो.

पायरी २: वर्ष आणि आठवडा एकाच पद्धतीचे ठेवा

पहिल्या पायरीतली चूक सुधारताना काही जण सरसकट सगळे कॅपिटल वाय स्मॉल करून टाकतात. तिथून उलट चूक सुरू होते.

जिथे खरोखर आठवडा क्रमांक छापायचा आहे, तिथे वर्षही आठवड्याचंच हवं. कॅलेंडरचं वर्ष आणि आयएसओ आठवडा जोडला, तर ३० डिसेंबर २०२४ ला '२०२४, आठवडा ०१' असं नाव तयार होतं. हे नाव बारा महिन्यांपूर्वीच, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, वापरून झालेलं असतं. त्याचप्रमाणे १ जानेवारी २०२७ ला '२०२७, आठवडा ५३' असं नाव येतं, आणि २०२७ मध्ये आयएसओ हिशेबाने ५३ वा आठवडाच नाही.

एसटीआरएफटाइममध्ये बरोबर जोड्या अशा: कॅपिटल %जी सोबत कॅपिटल %व्ही. कॅपिटल %वाय सोबत कॅपिटल %यू किंवा कॅपिटल %डब्ल्यू. ही दुसरी जोडीही सुसंगत आहे, कारण त्या पद्धतीत आठवडा वर्षाच्या सीमेवर तुटतो आणि उरलेले दिवस शून्यात जातात. फक्त त्यामुळे एकाच सोमवार ते रविवारच्या नोंदी दोन नावांखाली विभागल्या जातात, हे ध्यानात असू द्या.

पायथन या बाबतीत अर्धी मदत करतं. वाचताना, म्हणजे एसटीआरपीटाइममध्ये, कॅपिटल %वाय आणि कॅपिटल %व्ही एकत्र दिले तर ते व्हॅल्यूएरर देतं. छापताना मात्र तीच विजोड जोडी मुकाट्याने छापून देतं. म्हणून पायथनमध्ये नमुन्याऐवजी आयसोकॅलेंडर हे फंक्शन वापरणं मला जास्त सुरक्षित वाटतं. ते वर्ष, आठवडा आणि वार तिन्ही एकदम देतं. उलट दिशेसाठी ३.८ पासून फ्रॉमआयसोकॅलेंडर आहे. गो भाषेत तर आठवड्यासाठी फॉरमॅटचं अक्षरच नाही. आयएसओवीक फंक्शन वर्ष आणि आठवडा एकत्रच परत करतं, त्यामुळे चुकीची जोडी लावायची तर मुद्दाम प्रयत्न करावा लागतो.

जावामध्ये नमुन्यातल्या कॅपिटल वाय आणि स्मॉल डब्ल्यूचा अर्थ लोकेलवर ठरतो. डेव्हलपरच्या मशीनवर एक लोकेल आणि सर्व्हरवर दुसरं असेल, तर तोच कोड दोन वेगळे आठवडे सांगतो. शिवाय जावा ९ पासून लोकेलची माहिती डिफॉल्टने युनिकोडच्या सीएलडीआर संग्रहातून येते, त्यामुळे जावा ८ वरून पुढे जाताना काही लोकेलमध्ये आठवड्याचे नियम बदलले. यातून सुटायचं तर नमुना सोडा. आयएसओ_वीक_डेट हा तयार फॉरमॅटर घ्या किंवा आयसोफील्ड्समधली वर्ष आणि आठवड्याची फील्ड वापरा. दोन्हींचा लोकेलशी संबंध नाही.

डॉटनेटमधला जुना गेटवीकऑफइयर 'पहिला चार दिवसांचा आठवडा' आणि सोमवार असे पर्याय देऊनही सीमेवर आयएसओशी जुळत नाही. ३१ डिसेंबर २०१२ ला तो ५३ सांगतो, आयएसओप्रमाणे तो दिवस २०१३ च्या पहिल्या आठवड्यात आहे. डॉटनेट कोअर ३.० पासून आयएसओवीक नावाचा वेगळा वर्ग आहे, तो वापरा.

हाताशी काहीच नसेल तर गुरुवारची युक्ती कायम उपयोगी पडते. दिलेल्या तारखेच्या सोमवार ते रविवार आठवड्यातला गुरुवार काढा. त्या गुरुवारचं कॅलेंडर वर्ष हेच आयएसओ वर्ष. तो गुरुवार वर्षाचा कितवा दिवस आहे ते बघा, त्यातून एक वजा करा, सातने भागून पूर्णांक घ्या आणि एक मिळवा. झाला आठवडा क्रमांक. १ जानेवारी २०२७ शुक्रवार, म्हणजे त्या आठवड्याचा गुरुवार ३१ डिसेंबर २०२६. तो ३६५ वा दिवस. ३६४ भागिले ७ म्हणजे ५२, अधिक १ म्हणजे ५३. वर्ष २०२६. कुठलीही खास अट लिहावी लागत नाही, म्हणून मला ही रीत आवडते.

पायरी ३: साप्ताहिक फाइली आणि इंडेक्स

मी एकदा ज्या टीममध्ये होते, तिथे लॉग फाइलच्या नावात कॅलेंडरचं वर्ष आणि आठवडा अशी विजोड जोडी होती. डिसेंबरच्या शेवटच्या सोमवारी नव्या नोंदी जानेवारीतल्या जुन्या फाइलच्या शेवटी जोडल्या गेल्या. ती फाइल आठवड्याभरात जुनी म्हणून पुसली जाणार होती. आदल्या दिवशीचा एक बिघाड शोधायला कोणी तरी लॉग उघडला म्हणून ते उघडकीला आलं. तेव्हापासून फाइलच्या नावात आठवडा दिसला की मी आधी वर्षाचं अक्षर बघते.

लॉगबॅक या जावाच्या लॉगिंग लायब्ररीच्या दस्तऐवजांत साप्ताहिक रोलओव्हरचं, म्हणजे दर आठवड्याला नवी फाइल सुरू करण्याचं, उदाहरण म्हणून चार स्मॉल वाय आणि दोन स्मॉल डब्ल्यू असा नमुना दिलेला आहे, आणि आठवड्याचा पहिला दिवस लोकेलवर ठरतो अशी सूचनाही सोबत आहे. ते उदाहरण तसंच उचललं की वर सांगितलेली चूक पदरात पडते.

जुन्या लॉग फाइली बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटमध्ये 'साप्ताहिक' हा पर्याय आठवडा क्रमांकावर चालत नाही, आणि तारखेचा जोड डिफॉल्टने वर्ष-महिना-दिवस असाच असतो. तो बदलू नका. तिथे नमुन्यात कॅपिटल %व्ही चालतो पण त्याच्या जोडीचा कॅपिटल %जी चालत नाही, त्यामुळे बरोबर साप्ताहिक नाव त्यात बनवताच येत नाही.

साप्ताहिक फाइलसाठी मी सुचवेन ते नाव असं: त्या आठवड्याच्या सोमवारची पूर्ण तारीख. '२०२५-डब्ल्यू०१' ऐवजी '२०२४-१२-३०'. ते वाचायला सोपं, क्रमाने लावायला सोपं, आणि कोणत्या नियमाचा आठवडा हा प्रश्नच उरत नाही. आठवडा क्रमांकच हवा असा आग्रह असेल, तर आयएसओ वर्ष घ्या, मध्ये डब्ल्यू ठेवा म्हणजे तो महिना वाटणार नाही, आणि क्रमांक कायम दोन अंकी लिहा. '९' लिहिलंत तर फाइलींच्या यादीत तो '१०' च्या नंतर जाऊन बसतो.

क्रॉनटॅबमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतून, डेट हुकूम चालवत असाल तर एक वेगळा खड्डा आहे. क्रॉनटॅबमध्ये % चिन्हाचा अर्थ नवी ओळ असा घेतला जातो. प्रत्येक % च्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, नाहीतर हुकूम मध्येच तुटतो. यापेक्षा तो हुकूम स्क्रिप्टमध्ये ठेवून क्रॉनटॅबमधून स्क्रिप्ट बोलावणं बरं.

पायरी ४: डेटाबेस आणि डॅशबोर्ड

मायएसक्यूएलमध्ये सर्वात मोठा चकवा असा की तिथल्या डेट_फॉरमॅटची अक्षरं एसटीआरएफटाइमसारखी दिसतात, पण अर्थ वेगळा. तिथे कॅपिटल %व्ही रविवारपासूनचा आठवडा देतो आणि त्याची जोडी कॅपिटल %एक्स. आयएसओसाठी स्मॉल %व्ही आणि स्मॉल %एक्स लागतात. १ जानेवारी २०२७ साठी सी भाषेतला कॅपिटल %व्ही ५३ देतो आणि मायएसक्यूएलमधला कॅपिटल %व्ही ५२. ॲप्लिकेशन एकाने छापतं आणि अहवालाची क्वेरी दुसऱ्याने गट पाडते, असं झालं की दोघांची बेरीज कधीच जुळत नाही.

तिथलंच वीक हे फंक्शन दुसरा आकडा मोड म्हणून घेतं, ० ते ७ असे आठ मोड आहेत. काहीच दिलं नाही तर डीफॉल्ट_वीक_फॉरमॅट या सर्व्हर सेटिंगचा मोड लागतो, म्हणजे एकच क्वेरी दोन सर्व्हरवर दोन उत्तरं देऊ शकते. आयएसओसाठी मोड ३ स्पष्ट लिहा. गट पाडायचे असतील तर वीक नको, इयरवीक घ्या, तेही मोड ३ देऊन, कारण त्यात वर्ष आणि आठवडा एकत्र येतात.

पोस्टग्रेसमध्ये एक्स्ट्रॅक्टने काढलेला 'वीक' आयएसओचाच असतो. त्याच्यासोबत 'इयर' नाही, 'आयएसओइयर' घ्या. टू_कॅरमध्येही आय ने सुरू होणारी अक्षरं एकमेकांसोबतच ठेवा. खरं तर इथे क्रमांकाची गरजच नसते: डेट_ट्रंक ला 'वीक' दिलं की थेट त्या आठवड्याचा सोमवार मिळतो. गट त्यावर पाडा, क्रमांक लागलाच तर शेवटी दाखवताना काढा.

लॉगमधून एक्सेलमध्ये आकडे जात असतील तर तिथला साधा वीकनम रविवारपासून मोजतो आणि १ जानेवारीचा आठवडा पहिला धरतो. आयएसओसाठी त्याला २१ हा प्रकार द्या, किंवा एक्सेल २०१३ पासूनचं आयएसओवीकनम वापरा. डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये आठवडा कोणत्या वारी सुरू होतो तेही एकदा बघून घ्या. किबाना आणि ग्राफाना दोन्हींत ते बदलता येतं.

पायरी ५: टाइम झोन आधी, आठवडा नंतर

यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, रविवारी रात्री ८ वाजता आलेली नोंद यूटीसीच्या नऊ तास पुढच्या झोनमध्ये सोमवारी पहाटे ५ ची असते. आठवडा बदलला, आणि वर्षअखेर असेल तर आठवड्याचं वर्षही बदललं. म्हणून आधी झोन ठरवा, मग त्या झोनमधली तारीख काढा, आणि मगच आठवडा मोजा. लॉगसाठी झोन यूटीसीच ठेवा.

पायरी ६: लॉगच्या ओळीतून आठवडा काढून टाका

इथे माझं मत ठाम आहे. लॉगच्या ओळीत टाइमस्टॅम्प आरएफसी ३३३९ या इंटरनेटवरच्या मानकाच्या पद्धतीने लिहावा: कॅलेंडरचं वर्ष, महिना, दिवस, वेळ आणि यूटीसीपासूनचं अंतर. २००२ मध्ये आलेल्या त्या आरएफसीने आयएसओ ८६०१ मधल्या साप्ताहिक तारखा घेतलेल्याच नाहीत. तारखेवरून आठवडा केव्हाही काढता येतो, पण अर्धवट नियमाने छापलेल्या आठवड्यावरून तारीख परत मिळवणं महाकठीण. जिथे शक्य आहे तिथे स्वतःचा नमुना न लिहिता लायब्ररीतला तयार आयएसओ फॉरमॅटर वापरा. अक्षर टाइप करावंच लागलं नाही, तर चुकणार काय?

पायरी ७: टेस्ट नेमक्या तारखांवर लिहा

'आजची तारीख' घेणारी टेस्ट इथे निरुपयोगी आहे. एखाद्या वर्षअखेरीस बग दिसला नाही यावरूनही काही सिद्ध होत नाही. १ जानेवारी २०२३ ला रविवार होता, म्हणून अमेरिकी लोकेलमध्ये २०२२ ची अखेर सुरळीत गेली. १ जानेवारी २०२४ ला सोमवार होता, म्हणून आयएसओ पद्धतीत त्या वर्षी सीमा अगदी जुळून आली. या तारखा टेस्टमध्ये पक्क्या घाला:

| तारीख | वार | आयएसओ | अमेरिकी नियम |
|---|---|---|---|
| २०२०-१२-३१ | गुरुवार | २०२०, आठवडा ५३ | २०२१, आठवडा १ |
| २०२१-०१-०३ | रविवार | २०२०, आठवडा ५३ | २०२१, आठवडा २ |
| २०२२-१२-३१ | शनिवार | २०२२, आठवडा ५२ | २०२२, आठवडा ५३ |
| २०२३-०१-०१ | रविवार | २०२२, आठवडा ५२ | २०२३, आठवडा १ |
| २०२४-१२-२९ | रविवार | २०२४, आठवडा ५२ | २०२५, आठवडा १ |
| २०२४-१२-३० | सोमवार | २०२५, आठवडा १ | २०२५, आठवडा १ |
| २०२७-०१-०१ | शुक्रवार | २०२६, आठवडा ५३ | २०२७, आठवडा १ |

लॉगच्या टाइमस्टॅम्पसाठी टेस्ट एवढंच विचारेल: छापलेलं वर्ष आणि कॅलेंडरचं वर्ष सारखं आहे का? ती निदान दोन लोकेलमध्ये चालवा, एक अमेरिकी आणि एक जर्मन. छापलेलं परत वाचून मूळ तारीख येते का तेही तपासा. जावाचा नवा फॉरमॅटर कॅपिटल वाय, महिना, दिवस असा नमुना वाचताना एरर देतो, ते बरं. जुना सिंपलडेटफॉरमॅट मात्र महिना-दिवस बाजूला ठेवून त्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यातली तारीख देऊ शकतो, आणि काही बोलत नाही.

साप्ताहिक अहवालांसाठी ५३ आठवड्यांचं वर्षही तपासा. ज्या वर्षाची सुरुवात गुरुवारी होते, किंवा जे लीप वर्ष बुधवारी सुरू होतं, त्यात आयएसओप्रमाणे ५३ आठवडे असतात. २०१५, २०२०, २०२६, २०३२ ही अशी वर्षं. ४०० वर्षांच्या चक्रात ती ७१ येतात. ५२ घरांचा ठराविक ॲरे, किंवा 'मागच्या वर्षीचा हाच आठवडा' अशी तुलना, या वर्षांत कोसळते.

पायरी ८: बिघडलेला लॉग दुरुस्त करताना

पहिली गोष्ट, जुने लॉग पुसणारी कामं ताबडतोब थांबवा. वर्ष पुढे गेलेल्या नोंदी टिकून राहतात, फार तर जास्त दिवस राहतात. पण वर्ष मागे गेलं तर नोंद जीवावर बेतते. आयएसओ नियम पाळणाऱ्या लोकेलमध्ये १ जानेवारी २०२७ ची नोंद '२०२६-०१-०१' अशी छापली जाते. ९० दिवसांपेक्षा जुनं पुसणाऱ्या स्क्रिप्टच्या लेखी ती वर्षभर जुनी असते, आणि ताजा लॉग त्याच रात्री जातो.

मग मूळ फाइलींची प्रत करा आणि दुरुस्ती प्रतीवरच करा. कोणता नियम लागू होता ते आधी ठरवा: चूक डिसेंबरच्या शेवटच्या रविवारपासून सुरू झाली असेल आणि जानेवारीत काहीच बिघडलं नसेल, तर अमेरिकी, सोमवारपासून सुरू झाली असेल किंवा जानेवारीचे पहिले दिवस मागच्या वर्षात गेले असतील, तर आयएसओ. त्यावरून बिघडलेल्या दिवसांची यादी पक्की होते. महिना आणि दिवस बरोबरच असतात, त्यामुळे डिसेंबरच्या त्या दिवसांत वर्षातून एक वजा करायचं, जानेवारीच्या दिवसांत एक मिळवायचं.

फक्त एक अडचण येते. बग वर्षानुवर्षं चालू असेल, तर '२०२५-१२-२९' ही तारीख २०२४ ची बिघडलेली नोंदही असू शकते. २०२५ ची खरी नोंद असण्याचा प्रश्न येत नाही, कारण तो दिवस तेव्हा '२०२६-१२-२९' असा छापला गेला असेल. पण मधल्या काळात कोणी बग दुरुस्त केला असेल तर ती खरीही असू शकते. अशा वेळी ओळीच्या मजकुरावर भरवसा ठेवू नका. फाइल शेवटची कधी बदलली गेली ती वेळ, आधीच्या आणि नंतरच्या ओळी, चढते विनंती क्रमांक, ओळीत कुठे एपॉक सेकंद (१ जानेवारी १९७० पासून मोजलेले) असतील तर ते, आणि त्याच विनंतीची दुसऱ्या सेवेच्या लॉगमधली नोंद, यांतल्या किमान दोन गोष्टी जुळल्यावरच वर्ष बदला. बदललेल्या प्रत्येक ओळीला एक खूण लावा आणि कोणत्या नियमाने, कोणत्या तारखांमध्ये, कोणत्या दिवशी दुरुस्ती केली ते प्रतीसोबत एका साध्या मजकूर फाइलीत लिहून ठेवा. इंडेक्समधल्या नोंदींसाठी जुना इंडेक्स न पुसता दुरुस्त तारखांनी नवा भरा, दोन्हींतल्या नोंदींची संख्या मोजून बघा, आणि ती जुळल्यावर डॅशबोर्ड नव्याकडे वळवा. थांबवलेली पुसण्याची कामं त्यानंतरच चालू करा.